उजेडातला उंट, सावलीतला उंट

बायआत्याच्या घरी बुद्धिबळाचा पट आहे, पण त्यावर काळं-पांढरं काही नाही. मांजरपाटाचा एक चौकोनी तुकडा, त्यावर तांबड्या दोऱ्याने घातलेले उभे-आडवे टाके आणि त्या टाक्यांमध्ये झालेली घरं. सगळी घरं एकाच रंगाची. पूर्वी म्हणे पांढरी होती, आता चहा सांडून धुतल्यासारखी दिसतात. माझ्या आजोबांनी, म्हणजे बायआत्याच्या वडिलांनी, लालबागच्या गिरणीत असताना हा पट स्वतःच्या हाताने शिवला. गावाकडे त्यांनी असाच पट पाहिला होता. मुंबईत पहिल्यांदा काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट पाहिला तेव्हा ते म्हणाले होते, हे तर पोराटोरांसाठी केलेलं दिसतंय.

परवा शनिवारी मी गोरेगावला बायआत्याकडे राहायला गेले. तिने दार उघडलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि कपाटातून पट काढून दिवाणावर पसरला. कशी आहेस, बारीक का झालीस, काही नाही. तिच्याकडे पाहुण्याचं स्वागत हे असं. मग लाखेचे मोहरे आले, सावंतवाडीचे, तांबडे आणि हिरवे. सगळे तिने मांडलेच नाहीत. दोन राजे, दोन उंट आणि थोडीशी प्यादी मांडली आणि बाकीचा पेटारा बंद करून दिवाणाखाली सरकवला.

"तांबडे तुझे," ती म्हणाली. "दोन प्यादी जास्त दिलंय तुका. मगे रडू नको."

मी रडायला आले नव्हते, खेळायलाही आले नव्हते. मला दादाने पाठवलं होतं. बायआत्याने लग्न केलं नाही, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर याच दोन खोल्यांत एकटी राहिली. आता ती विसरायला लागलीय. गॅसवर दूध ठेवून भाजीला गेली. शेजारच्या इमारतीत, बरोबर तिसऱ्या मजल्यावर, आपलंच घर समजून परक्या दाराला चावी लावत उभी राहिली. दादाने मुलुंडच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली रिकामी केलीय, पलंगसुद्धा आणून ठेवलाय.

"अगं, मला कळतं ना, तिला तिथेच राहायचंय," तो फोनवर म्हणाला होता. "पण उद्या काही झालं तर वाट लागेल यार. तू जा, दोन दिवस राहा, नीट बघ आणि मला सांग. तू सांगशील तसं मी करीन. तुझं ती ऐकते."

बायआत्या कुणाचं ऐकत नाही. ती माझ्याशी खेळते, एवढंच. पण दादाला तो फरक कसा सांगायचा हे मला कळलं नाही, म्हणून मी बॅग भरली.

तांबडा उंट हातात घेतला तर लाखेचा तो जुना वास आला, किंचित गोडसर, बांगड्यांच्या दुकानात येतो तसा. आणि मी इथून उठून गेले. म्हणजे बसले दिवाणावरच होते, पण गेले.

मे महिना. शाळेचा निकाल लागलेला. आमच्या आळीतली सगळी मुलं गावाला, आणि आम्ही मुलुंडमध्ये, कारण बाबांना सुट्टी मिळायची ती गणपतीत. मग बाबा मला बायआत्याकडे पोचवायचे; ऑफिसातली वर्षाची रजा ती तेव्हाच घ्यायची. आरेच्या जंगलातून जाणारी बस असायची. खिडकीतून आधी तबेल्यांचा वास यायचा, ओल्या वैरणीचा आणि शेणाचा, मग एकदम गार हवा लागायची, मग पुन्हा ऊन. पायथ्याशी झाडं, माथ्यावर आकाश आणि मध्ये आमची खडखडणारी बस. दादा सहसा यायचा नाही. एका उन्हाळ्यात आला, पहिल्याच दिवशी बायआत्याने त्याला पटापुढे बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो क्रिकेट आहे म्हणून परत गेला. त्याचं तो अजून हसून सांगतो.

बायआत्याचं घर तेव्हा कोकमाच्या वासाचं होतं. गच्चीवर सोलं वाळत घातलेली, आगळाच्या बरण्या मोरीच्या कट्ट्यावर ओळीने, आणि तिच्या बोटांची टोकं कायम तांबूस. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. जेवण झालं की इमारतीत सामसूम व्हायची, खाली भंगारवाला ओरडत जायचा, आणि ती ओल्या हातानेच पट झटकून पसरायची.

तिने मला डाव मांडायला शिकवलंच नाही. बाकीची मुलं पहिल्यांदा प्याद्यांची ओळ लावतात, हत्ती कोपऱ्यात ठेवतात. माझ्यापुढे तिने रिकामा पट ठेवला आणि त्यावर एक उंट.

"बाकीचे खंय?" मी तिच्याच भाषेत विचारलं. मला तेव्हा मजा वाटायची तसं बोलायला.

"मेले," ती म्हणाली. "भरलेल्या पटार कोणय खेळता. सगळे गेले की मगे कळता कोण कसो तां."

मी सहावीत होते. उंट तिरका चालतो एवढं मला माहीत होतं. तिने त्याला एका घरात ठेवलं आणि म्हणाली, आता ह्याला त्या घरात ने. शेजारचंच घर होतं. मी तिरकी गेले, परत तिरकी आले, लांबून फिरून आले. दुपार गेली. उंट त्या घराला चिकटून जायचा, त्याच्या चारी कोपऱ्यांवर टेकायचा, पण आत काही केल्या शिरायचा नाही. मला वाटलं माझंच काही चुकतंय. संध्याकाळी चहाच्या वेळी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "नाही जात गं तो."

"जावचोच नाय," ती म्हणाली आणि चहा प्यायली. "जन्मात जावचो नाय."

तो क्षण मला अजून आठवतो. माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली होती. शेजारचं घर, हात पुढे केला तर लागेल इतकं जवळचं, आणि हा बिचारा पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात धावणारा उंट त्यात कधीच पाऊल ठेवणार नाही. अर्धा पट त्याला नाहीच. आणि समोरून बघणाऱ्याला हे दिसतसुद्धा नाही, कारण कापड सगळं एकसारखं.

मग तिने सांगितलं की घरं दोन जातींची असतात, उजेडातली आणि सावलीतली. सावळी, ती म्हणायची. एक घर उजेडातलं, त्याच्या शेजारचं सावळीतलं, पुन्हा उजेड. जो उंट उजेडात जन्मला तो उजेडातच फिरणार, सावळीतला सावळीतच. तिला ते दिसत होतं. मला फक्त मांजरपाट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डब्यातून चिंचोके काढले. पटावरच्या सावलीच्या प्रत्येक घरात एकेक चिंचोका ठेवला. काळपट तपकिरी, चकचकीत. आता मलाही दिसायला लागलं, कुणालाही दिसलं असतं. आम्ही त्या चिंचोक्यांच्या मधून खेळलो, मोहरा ठेवायचा तर चिंचोका बाजूला सरकवायचा, मोहरा उचलला की पुन्हा मध्ये आणायचा. पण रोज सकाळी मी दात घासून येईपर्यंत पटावरचे थोडे चिंचोके कमी झालेले असायचे. ती काही बोलायची नाही. आधी कडेचे गेले. मग कोपऱ्यांतले. मग मधले कुठले कुठले, दात पडलेल्या तोंडासारखा पट दिसायला लागला. जिथे चिंचोका नाही तिथे तो आहे असं धरून खेळायचं.

मी चुकायची. उंट लांब न्यायचा असला की डोळा कुठेतरी अर्ध्या वाटेत घसरायचा आणि उंट दुसऱ्याच जातीच्या घरात जाऊन उभा राहायचा. रंगीत पटावर असली चूक कुणी करणार नाही, डोळे आपोआप सांभाळतात. आमच्या घराण्याची ही खास चूक होती. बाबांचा उंट तर म्हणे रोज जात बदलायचा, म्हणून आजोबांनी त्यांना शिकवायचा नाद सोडला. बायआत्या आत बोंबील तळत असायची. चुरचुर आवाज, धूर, खिडकीबाहेर कावळ्यांची शाळा. ती उलथणं हातात घेऊन बाहेर यायची, पटाकडे एक नजर टाकायची.

"हो उंट खंयसून इलो?"

"तिथून आला."

"थंयसून हंय येवक वाट नाय. परत धाड त्येका."

एका नजरेत. मागे वळून ती पुन्हा तव्यापाशी गेलेली असायची.

इमारतीत पाणी दुपारी यायचं. "पाणी इला" अशी कुणीतरी जिन्यात हाळी दिली की सगळ्या मजल्यांवर एकदम बादल्यांचा आवाज सुरू व्हायचा. डाव रंगात आलेला असला तरी बायआत्या उठायची. पिंप भरायचं, हंडे भरायचे, कपडे पिळायचे. पण डाव थांबायचा नाही. ती मोरीतून ओरडायची, "तू काय केलंस?" मी इथून ओरडायची, "राजा पुढे." नळाच्या धारेत तिचा आवाज अर्धा बुडालेला असायचा. "माझो उंट धर, दोन घरां मागे घे." मी तिचा हिरवा उंट दोन घरं मागे घ्यायची आणि बघत राहायची. तिने पट पाहिलासुद्धा नव्हता. मोरीतल्या ओल्या काळोखात, पाठीला घाम, हातात पिळलेलं लुगडं, आणि तिला इथली सगळी घरं दिसत होती, उजेडासावलीसकट. मी तिच्याएवढी हुशार माणसं पुढे पुष्कळ पाहिली. पण कुणाकडे बघून तसा श्वास अडकला नाही.

हळूहळू मला उंटांच्या गोष्टी कळत गेल्या. कडेचं प्यादं घेऊन मी ऐटीत निघायची, वजीर करायला. सोबत उंट, मदतीला राजा. तिच्याकडे एकटा राजा, बाकी काही नाही. मी जिंकलेच म्हणून टाळ्या पिटायची. ती आपला राजा संथपणे कोपऱ्यात नेऊन ठेवायची, जिथे माझ्या प्याद्याला पोचायचं होतं तिथेच, आणि मग बाहेरच यायची नाही. कोपरा सावलीतला आणि माझा उंट उजेडातला. तिच्या राजाला तिथून हाकलायला माझ्याकडे कुणीच नव्हतं. सगळं सैन्य माझं आणि डाव बरोबरीत. मला इतका राग यायचा! आणि रागाच्या आत कुठेतरी थक्क व्हायला व्हायचं, की जगात हे असंही आहे, एका म्हाताऱ्या राजाने योग्य कोपऱ्यात नुसतं बसून राहायचं आणि कुणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

दोन उंट एका बाजूला असले तर मात्र ते भयंकर असतात. एक उजेडाची घरं धरतो, दुसरा सावलीची, दोघं शेजारी उभे राहिले की समोरच्या राजाला ओलांडता येत नाही अशी भिंत तयार होते, आणि ती भिंत एकेक पाऊल पुढे सरकत येते. ती मला तसं मात करून दाखवायची. घाई नाही, शहसुद्धा क्वचित. माझा राजा मागे मागे जात कोपऱ्यात पोचायचा. मला ते बघताना भीती वाटायची आणि "पुन्हा कर" असंही म्हणावंसं वाटायचं. ती पुन्हा करायची.

पण तिचा जीव होता तो दुसऱ्याच प्रकारात. दोघांकडे एकेक उंट, माझा सावलीतला, तिचा उजेडातला. हे दोघं एकमेकांना मारू शकत नाहीत, अडवू शकत नाहीत, शेजारून जातात आणि भेटत नाहीत. असा डाव असला की माझी दोन प्यादी जास्त असूनही मी जिंकू शकत नसे. माझ्या प्याद्याला उजेडातलं एक घर ओलांडायचं असायचं, आणि तिचा उंट लांब कुठेतरी कोपऱ्यातून त्या एका घरावर नजर ठेवून बसलेला असायचा. मी काहीही करावं, तो त्याच तिरक्या वाटेवर एक घर मागे, एक घर पुढे. माझ्या उंटाला त्या घराशी काही घेणंदेणंच नाही, त्याला ते घर नाहीच.

"तू हरत का नाहीस गं?" मी वैतागून विचारलं होतं.

"माझ्याकडे कमी आसा म्हणान?" ती म्हणाली. "माका एकच घर राखूचा आसा. तुका सगळा होया. घाई तुका, माका खंयची घाई?"

गणपतीत अख्खी इमारत रिकामी व्हायची, सगळे गावाला. तिला ऑफिसातून रजा मिळायची नाही किंवा ती मागायची नाही, नक्की कधी कळलं नाही. एका वर्षी मीही गेले नाही, तापातून उठले होते. उरलेल्या दोन-तीन घरांतून आरतीच्या टाळांचा आवाज, जिन्यात धूप, आणि आम्ही दोघी पटावर. त्या संध्याकाळी मला लक्षात आलं की पटावर एकही चिंचोका नाही. कधी संपले होते कोण जाणे, बरेच दिवस झाले असतील. आणि तरी मला रंग दिसत होते. कापडावर काही नव्हतं, ते तसंच मळखाऊ होतं, पण माझा उंट ज्या वाटेने जाणार ती वाट उजळून गेलेली होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना सावलीची घरं शांत पडून होती. मी खेळायचं सोडून बघत बसले. भीती वाटली की पापणी लवली तर जाईल. पापणी लवली, गेलं नाही.

"दिसला?" बायआत्याने विचारलं.

मी मान हलवली. तिने उठून गुळखोबऱ्याची वाटी आणली आणि मला प्रसादासारखं ते तळहातावर दिलं. तिचं तोंड फुललं होतं. नंतर मी नोकरीत बढती मिळवली, घर घेतलं, पोरीला वाढवलं, लोकांनी कौतुकंही केली, पण त्या गुळखोबऱ्यासारखं काही मिळालं नाही हे खरंच आहे.

तिला मी कधीही हरवलं नाही, तेही इथेच सांगून टाकते. कॉलेजात असताना येऊन खेळले, लग्न ठरल्यावर खेळले, कडेवर पोरगी घेऊन खेळले. एकदा तरी हरवायचं हे माझं ठरलेलं होतं आणि तिलाही ते माहीत होतं. मग माझं येणं कमी झालं. ती एकटीच पट मांडायची, एक चाल हिरव्यांची, मग दिवाणाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची आणि एक चाल तांबड्यांची.

"काय गो, झोपलंस काय?"

मी दचकले. शनिवारची दुपार, दिवाण, समोर बायआत्या. केस आता सगळे पांढरे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. खिडकीबाहेर पूर्वी झाडं दिसायची तिथे आता उंच टॉवर आहेत आणि त्यांच्या काचांवरून ऊन परतून हिच्या भिंतीवर पडतं. माझी चाल होती. मी प्यादं पुढे घेतलं.

आल्यापासून, ती डावातून मध्ये मध्ये उठायची तेव्हाही, मी हेरगिरी करत होते. तिने चहात साखर दोनदा घातली, पण चहा चांगला गोड झाला म्हणून प्यायली. गॅस बंद केला आणि पुन्हा जाऊन बघून आली. मला एकदा माझ्या आईच्या नावाने हाक मारली. त्यातलं कुठलं मोजायचं आणि कुठलं सोडायचं? माझ्याही हातून चहात साखर दोनदा पडते. दादाला काय सांगू याचा विचार करत मी खेळत होते आणि माझ्या लक्षात आलं की डाव कुठल्याशा ओळखीच्या वळणावर आलाय. माझी दोन प्यादी जास्त. माझा उंट सावलीतला, तिचा उजेडातला. एका प्याद्यासमोर तिचा राजा ठाण मांडून बसलेला. दुसऱ्या प्याद्याला एकच घर ओलांडायचं होतं, उजेडातलं, आणि तिचा हिरवा उंट लांबून त्या घरावर नजर ठेवून होता. एक घर मागे, एक घर पुढे. मी राजा फिरवून आणला, तिने उंट मागे घेतला. मी पुन्हा फिरले, तिने उंट पुढे घेतला. तिच्या हाताला कंप आहे, पण हात त्याच वाटेवरून जात-येत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं. दादाला हेच सांगायचं, मी मनात म्हटलं. ये आणि बघ म्हणावं हिचा हात.

मग मी सहज एक चाल केली, तिने उंट उचलला, आणि ठेवला.

सावलीत.

कापडावर काहीच बदललं नव्हतं. दादा असता तर त्याला काही दिसलं नसतं, बाबांनाही नाही, त्या खोलीत कुणालाच दिसलं नसतं. फक्त मला दिसलं. तिचा उंट वाट सोडून शेजारच्या घरात उभा होता, जिथे तो जन्मात जाऊ शकत नाही तिथे. माझ्या प्याद्यासमोरचं घर मोकळं पडलं होतं. पुढे सरकायचं, मग वजीर. बायआत्याला हरवायची वेळ आली होती, आणि माझा हात प्याद्याच्या वर थांबला.

"खेळ," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. काय बोलू? बोलले की दादाला जे सांगायचं ते ठरलं. साखर, चावी, गॅस, ती सगळी माणसांची रोजची विसराळूपणाची कामं. पण बायआत्याचा उंट चुकला, तर मग आत काहीतरी खरंच निसटलंय. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी माझा राजा उचलला आणि उगाच एक घर बाजूला ठेवला, काही न घडल्यासारखा. वाटलं, पुढच्या चालीला ती आपोआप वाटेवर येईल. नाहीच आली तरी कुणाला कळणारेय.

तिने पटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुन्हा पटाकडे.

"प्यादा सोडून राजा कित्या हलवलंस?"

"असंच."

तिने चष्मा काढला आणि बाजूला ठेवला. मग उजव्या हाताचं बोट तिने माझ्या प्याद्यासमोरच्या घरावर टेकवलं आणि तिथून तिरकं, एकेक घर करत मागे न्यायला लागली. ओठ हलत होते. उजेड, ती पुटपुटत होती, उजेड, उजेड. बोट संथपणे चाललं होतं. ते पटाच्या कडेपर्यंत गेलं आणि वाटेत त्याला उंट भेटला नाही.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, सुरू होत नव्हती. मग तिने उंट उचलला, बाजूच्या घरात ठेवला, त्याच्या वाटेवर, आणि बोट त्याच्या डोक्यावर थोडं टेकवून ठेवलं. चूक तिला सापडली होती. माझ्या मदतीशिवाय, डोळ्यांशिवायसुद्धा. मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. या बाईपुढे मी अजून सहावीतलीच होते.

"दादान धाडल्यान मां तुका?" तिने विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो."

"मी आता चुकतंय गो. माका म्हायत आसा." ती पटाकडे बघूनच बोलत होती. "पण चुकलंय तां अजून माझा माका कळता. वेळ लागता, पण कळता."

"आत्या, एवढं काही..."

"आयक. कळता तोपर्यंत मी हयच ऱ्हवतलंय. दादाक सांग, पलंग झाकून ठेव म्हणान. आणि ज्या दिवशी माझा माका कळाचा नाय, त्या दिवशी तू सांग." तिने पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं. "आज गप बसलंस. तशी गप बसू नको. दया करू नको माझ्यार. तू सांगलंस की मी गाठोडा बांधून मुलुंडाक येतलंय, हूं की चूं करूचंय नाय. पण सांगूचा तूच. बाकी कोणाक दिसाचा नाय तां."

मी पटाची दुमडलेली कड सरळ केली.

"सांगशीत मां?"

एवढी वर्षं मी त्या रंगांचा मनातल्या मनात तोरा मिरवला होता. माझ्या पोरीला, नवऱ्याला, ऑफिसातल्या लोकांना सांगितलं होतं, माझ्या आत्याने मला साध्या कापडावर उजेड बघायला शिकवलंय. आणि आता तिला तेच माझ्याकडून हवं होतं. कधीतरी एका दुपारी, याच दिवाणावर, मला तिच्याकडे बघून म्हणावं लागणार होतं, हा उंट कुठून आला? आणि तिला ते उमगणार नव्हतं, आणि तिचं हे घर माझ्या त्या एका वाक्यावर संपणार होतं.

"सांगेन," मी म्हटलं.

तिने समाधानाने मान हलवली आणि चष्मा लावला. माझी चाल होती. कापडावर उजेडाची आणि सावलीची सगळी घरं लख्ख दिसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, ही मला दिसली नसती तर किती बरं झालं असतं.